दोन रुमाल

शनिवार, संध्याकाळ

ठरली एकदाची. जुनी लाल बस, मालक एरवी शूटिंगला भाड्याने देतो ती. घंटीची दोरी ओढून पाहिली, अजून टण् वाजते. मी तीनदा ओढली. उद्या आई-अप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं, सगळे तिच्यातूनच त्र्यंबकला. अप्पा याच रस्त्यावर कंडक्टर होते, आणि त्यांना अजून पत्ता नाही. काय म्हणतील?

आईला सांगितलं, तर तिने हातात रुमाल ठेवला. "खिडकीशी टाक, जागा धरून ठेव."

"अगं, अख्खी गाडी आपली. रुमाल कशाला?"

"असू दे." मग कपाटातून अप्पांचा रुमाल काढला. "हा माझ्या शेजारी टाक. बसमध्ये ह्यांना बसलेलं मी कधी पाहिलंच नाही."