लाल जॅक उतरवताना

अण्णा, तो लाल जॅक अजून माझ्याकडे आहे. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, आणि मी कुणाला त्याला हात लावू देत नाही. कामाला येणारे विचारतात, "अक्का, हा भंगारात का घालत नाही?" मी म्हणते, राहू दे. तुमच्या उजव्या हाताबद्दल एक गोष्ट तुम्ही खरी मानून गेलात, आणि ती खरी नाही हे मला ठाऊक होतं. तेवढं सांगायला आज बसले आहे. लांबण लावलेलं तुम्हाला खपत नसे, पण या वेळी जरा सोसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. होसूर रोडला, बोम्मसंद्राच्या अलीकडे आपलं जीप दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि सकलेशपूरकडच्या एका कॉफीमळ्याच्या मॅनेजरनं तुम्हाला विचारलेलं, की चिखलात रुतलेली जीप उचलायला कुठल्या कंपनीचा उंच जॅक घेऊ? छातीएवढी उंच, भोकाभोकांची पोलादी पट्टी. दांडा वरखाली केला की दोन पिना आळीपाळीनं एकेक भोक चढतात आणि त्यांच्याबरोबर गाडी. तुम्ही तीन कंपन्यांचे तीन जॅक मागवलेत. काळा बोम्मसंद्राच्याच एका शेडमधला, ओबडधोबड, उचलताना कंबर धरेल इतका जड. निळा मुंबईहून आलेला, हलका, पण जीपचं वजन पडलं की पट्टी किंचित वाकायची. आणि लाल, गुळगुळीत, दांडा बोटानं हलेल असा. मी बघताक्षणीच त्याच्या बाजूची झाले होते. तुमच्यावर मात्र रंगाचा काही परिणाम होत नसे. तुमची तपासणी ठरलेली: दहा वेळा वर, दहा वेळा खाली, मग शेडमागची ओली लाल माती पिनांवर थापायची आणि पुन्हा दहा वेळा वर, दहा वेळा खाली. गाडी वर असताना चाकाच्या उंचीवर खडूची रेघ मारायची, कॉफी पिऊन यायचं, रेघ हलली का बघायचं. खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणी वाकलं तर तुमचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. "वर कुठलाही जॅक चढवतो," तुम्ही म्हणायचा. "खाली आणताना पितळ उघडं पडतं."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तुमच्या टेबलावर पत्रं टाइप करत होते. पान्हा हातात घेतला की तुम्ही तो हळूच काढून घ्यायचा. "शिकलीस, सरी, ठीक आहे. पण हे काम अंगाचं आहे, पोरी." त्या वेळी मी भांडले. दोन दिवस तोंड फुगवून बसले, तेव्हा कुठे तुम्ही तिन्ही जॅक माझ्या ताब्यात दिलेत आणि होसूरला नात्यातल्या लग्नाला गेलात. काळा आणि निळा मी अगदी तुमच्या पद्धतीनं तपासला. लालची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि तोवर माझे दंड इतके भरून आले होते की वेणी घालायला हात वर होईना. मग मी काय केलं, तर लालनं गाडी वर चढवायची, खाली चाकांवरचा ट्रॉली जॅक सारून वजन त्याच्यावर घ्यायचं आणि लाल रिकामाच खाली आणायचा. कोरडा असताना तसंच, माती लावून तसंच. तक्त्यात 'चिखलासह उतरवणे' या रकान्यात लिहिलं, उत्तम. लाल पहिला, काळा दुसरा. तुम्ही परत आलात, चष्मा लावून रिपोर्ट वाचलात.

"उतरवून बघितलास काय, नीट?"

"बघितला की."

"सरी," म्हणून सही केलीत.

मळ्यासाठी चार लाल जॅक गेले आणि ते वापरून दाखवायला तुम्ही स्वतः गेलात. परत आलात ते मनगट प्लॅस्टरमध्ये घालून. रुतलेली जीप खाली घेताना दांडा उसळून मनगटावर बसला होता. आई तुम्हाला भात कालवून देते आहे, आणि तुम्ही ताटाकडे बघत म्हणताय, "हात सुटला माझ्याकडून. पकड राहिली नाही आता. वय झालं." मी समोरच बसले आहे. मी म्हणते, "होतं असं कधीकधी, अण्णा." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दवाखान्यात गेल्यावर मी आपल्याकडच्या लालला माती थापली आणि पहिल्यांदाच जीप त्याच्यावरून खाली घेतली. तिसऱ्या भोकाला पिन अडकली, आतली स्प्रिंग तिला पुरती आत ढकलेना, आणि दांडा माझ्या हनुवटीजवळून सणकन वर गेला. तो पैलवानालासुद्धा धरवला नसता. त्याच दिवशी मी मॅनेजरना लिहिलं, की माझी तपासणी चुकली, लाल वापरू नका, काळे घ्या. त्यांनी बदलले. तुम्हाला मी सांगितलं, काळ्याचे सुटे भाग इथे मिळतात म्हणून त्यांनी बदलले.

प्लॅस्टर निघालं त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला पान्ह्यांना, जॅकना हळदकुंकू मला लावायला सांगितलंत, आणि वर्कशॉपची किल्ली माझ्या हातात ठेवलीत. "आता तू बघ." त्यानंतर तुम्ही पान्हा धरला नाहीत. दाराशी स्टुलावर बसायचा, कॉफीचा लोटा डाव्या हातात, आणि उजवा मांडीवर. कधीकधी त्या उजव्याकडे टक लावून बघत राहायचा, घरातल्याच कुणी दगा दिल्यासारखं. उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचे, आणि अशी तीन वर्षं गेली. मग तुम्हीच गेलात.

तेराव्याला ते मॅनेजर आले होते. कोपऱ्यात बसून कन्नडमध्ये सांगत होते, की त्या दिवशी मळ्यात जॅकला हात लावण्याआधी तुम्ही माझा रिपोर्ट सगळ्यांना दाखवलात आणि म्हणालात, हे माझ्या मुलीनं तपासलंय, दसऱ्यापासून वर्कशॉप तीच बघणार आहे. म्हणजे मनगट मोडायच्या आधीच तुमचं ठरलं होतं. मी त्यांना आणखी थोडा भात वाढला.

हे पत्र कुठे जाणार नाही. टेबलाच्या खणात त्या रिपोर्टची कार्बन कॉपी आहे, तिच्याखाली ठेवीन. तुम्ही रागवाल म्हणून गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुमच्या रागाची मला सवय होती. हात चांगला आहे असं कळलं तर तुम्ही किल्ली परत मागाल, ही माझी भीती होती. तुमचा हात सुटला नव्हता, अण्णा. आणि त्या आयुधपूजेला किल्ली माझ्या हातात पडली, तेव्हा मला आनंद झाला होता.