तिच्यासाठी धरलेली नोकरी

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, त्यामुळे कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल तुमच्या शिव्या खायच्या राहूनच गेल्या. सोडलं ते एका मुलीसाठी. "आधी कमवायला लाग, मग घरी तुझं नाव काढते," असं ती म्हणाली आणि पहिल्या लेक्चरला कधी न उठलेला मी रोज सकाळी मानपाड्याच्या कंपनीत खोके चिकटवायला हजर. गरज लागली की माणूस उठतो, एवढं कळलं.

मागच्या महिन्यात ठाण्यातल्या एका मुलाशी तिचा साखरपुडा झाला. मी जेवणखाण, झोप सगळं सोडलं आणि एका दुपारी शिफ्ट टाकून निघालो. गेटवर पॅकिंगच्या ताई आडव्या आल्या. "कुठे रे?" म्हटलं, "ठाण्याला. त्याच्या घरी राडा करतो. नोकरी गेली खड्ड्यात." "कर ना. पण तोंड बघ तुझं, त्याच्याच दारात चक्कर येऊन पडशील. तोच पाणी पाजेल तुला. आधी जेव."

मला एकदम खोपटचा एसटी डेपो दिसला. मी तुमचा डबा घेऊन आलेलो. रात्रभर गाडी चालवून तुम्ही नुकते उतरलेले आणि साहेब म्हणतायत, अजून एक फेरी मारा, लोक खोळंबलेत. तुम्ही सांगताय, "जेवलो नाही, झोपलो नाही. या हातांवर माझाच भरवसा नाही, लोकांनी कसा ठेवायचा?" साहेब मेमोची धमकी देतात, तुम्ही "द्या" म्हणून डबा उघडता. तेव्हा मला वाटलेलं, आपला बाप कामचुकार आहे.

मी ताईंची भाकरी नि सुकट खाल्ली आणि खोक्यांच्या ढिगाआड झोपलो, तो शिफ्ट सुटताना उठलो. दुःख होतं तेवढंच होतं. अंगात ताकद आलेली, पण राडा करावासाच वाटेना.

ती आता फोन उचलत नाही. तरी मी कामावर जातोच. कशासाठी, ते मलाही कळत नव्हतं. दुपारी सगळे पेपर पसरून गोल बसतात आणि मी हात धुऊन येईपर्यंत कोणी डबा उघडत नाही. "आला का हिरो? चला, करा सुरू." बस, एवढ्यासाठी जातो.

घरी तसं नाही, पप्पा. तुम्ही गेल्यापासून आई आणि मी आपापल्या वेळेला, ओट्याशी उभ्यानेच जेवतो. आता ती आत आहे, अजून जेवलेली नाही. हे पत्र पाठवायचं तर कुठेच नाहीये. तिला नुसतं "चल, बसू" म्हणायचंय, आणि त्या मुलीला विचारताना वाटली नव्हती एवढी भीती वाटतेय.