आत्याबाईंना भिंतीवरून उतरवण्याबाबत

दिनांक ९ नोव्हेंबर २०२१, मंगळवार. सकाळी दाढी केली. दूध आणले. अकरा वाजता वकील येऊन मृत्युपत्राचा छापील मसुदा देऊन गेले. तो दोनदा वाचला. त्यात मिळकत लिहायला जागा होती, कारणे लिहायला नव्हती. म्हणून तो बाजूला ठेवून हे माझ्या हाताने लिहीत आहे.

मी, वय वर्षे एकाहत्तर, आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासण्याचा धंदा केला. आज माझे डोके ठिकाणावर आहे. ते नसल्याचे माझे थोरले मेहुणे चार लोकांत सांगत फिरतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी तलावाकाठची माझी जागा मासेमारी मंडळाला दिली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

माझी पत्नी यंदा फेब्रुवारीत वारली. पुढे तिचा उल्लेख ‘ही’ असा केला आहे. घरातही तसाच होत असे.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला मिळावी. तो एकुलता एक आहे, वाद नाही. मात्र जून महिन्यात फोनवर त्याचे माझे जे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवतो.

“बाबा, मामांनी आईची आठवण म्हणूनच मंडळाच्या भिंतीवर लावलाय ना तो मासा?”

“पाटीवर नाव कोणाचं आहे?”

“मामांचं. पण मासा मेलेला आहे बाबा. जाऊ द्या ना आता.”

बाळा, या घरात ‘जाऊ द्या’ फक्त जिवंत माशांच्या बाबतीत म्हटले जात असे. घर तुझे आहे. हे वाक्य त्यासोबत घे.

कलम २. हिची गळाची काठी, रीळ आणि आमिषांची निळी पेटी तलावावरच्या रखवालदार बाईंना द्यावी. हिच्याकडून शिकायला त्या सुटीच्या दिवशी आपल्या वेळेत येत. रिळावर नवी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, भरून ठेवण्याची जबाबदारी माझी.

हिची पद्धत मी काठावर बसून वर्षानुवर्षे ऐकली आहे. मंडळाच्या माहितीफलकावर ती आता ‘अध्यक्षांची पद्धत’ म्हणून लागली आहे, आणि अध्यक्ष म्हणजे माझे मेहुणे. ती खरी कोणाची आणि कशी, हे इथे नोंदवतो.

बास मासा उघड्या पाण्यात शोधू नये. तो पडलेल्या झाडाच्या, वेलींच्या, सावलीच्या आडोशाला असतो. तिथे जड आमिष आपटले तर तो पळतो. म्हणून शिसे लावायचे नाही. रबरी गांडूळ नुसते गळात ओवायचे आणि गळाचे टोक परत रबरातच लपवायचे, म्हणजे ते वेलीत अडकत नाही. पाणी गढूळ असेल तर गांडूळ काळे घ्यावे, नितळ असेल तर शेवाळी. काठीचे टोक लवचीक हवे. आमिष टाकल्यावर पाण्यावर उठलेली वर्तुळे विरेपर्यंत काही करायचे नाही. काही म्हणजे काहीच नाही. गांडूळ आपल्या वजनाने खाली जात असताना मासा ते घेतो. त्या वेळी दोर सैल असतो, त्यामुळे हाताला काही कळत नाही. डोळ्यांनीच बघावे लागते. दोर पाण्यात शिरतो त्या जागी तो आडवा सरकू लागला की ढील गुंडाळायची आणि मग ओढायचे.

मेहुणे याला “बायकांचं विणकाम” म्हणत. त्यांची काठी ताठ, तंगूस जाड, आणि आमिष म्हणजे लखलखता पत्र्याचा चमचा. तो टाकायचा आणि पाणी घुसळत खेचायचा. लहान, भुकेले बास त्याला लागतात, हे खरे आहे. चमचे त्यांच्याकडे भरपूर आहेत, पेटीतले आणि मंडळातले.

कलम ३. मी स्वतः घासलेला पिवळसर काचांचा चष्माही रखवालदार बाईंना द्यावा. या काचा पाण्यावरची चकाकी कापतात आणि दोर स्पष्ट दिसतो. हिच्यासाठी मी असे चार केले. तीन तलावात पडले. चौथ्याला मी दोरी लावली, तर ही म्हणाली, “आता मीच पडले तर चष्मा तरी सापडेल.”

कलम ४. आत्याबाईंविषयी.

पडलेल्या झाडाखाली एक मोठी मादी होती. तोंड कायम वाकडे, नजर अशी की आपण केलेले काहीच पसंत नाही. म्हणून ही तिला आत्याबाई म्हणे. पहिल्यांदा ती लागली तेव्हा गळाच्या उलट्या काट्याने तिचा खालचा ओठ डावीकडे फाटला. घरी आल्यावर हिने पक्कड घेतली आणि पेटीतल्या एकूण एक गळांचे काटे चेपून सपाट केले. जेवणसुद्धा झाले नव्हते. त्यानंतर आत्याबाई आणखी तीन वेळा लागल्या. दर वेळी ओठाला तीच खाच. दर वेळी ही त्यांना पाण्यातच धरून गळ काढी आणि म्हणे, “जा आत्याबाई, घरी वाट बघत असतील.”

ही गेली त्याच आठवड्यात मेहुणे आले. अश्रू ढाळले. मग काठीकडे बघून म्हणाले, “जावईबुवा, तुम्हाला गळाची साधी गाठ तरी येते का? पडून खराब होईल. मी नेतो, आठवण म्हणून.” काठी आणि पेटी त्यांनी गाडीत ठेवली. मी दार उघडून धरले होते, कारण त्यांचे दोन्ही हात अडकले होते.

एप्रिलमध्ये मंडळाच्या भिंतीवर आत्याबाई लागल्या. वार्निश केलेल्या, तोंडात पत्र्याचा चमचा, खाली पितळी पाटी: ‘अध्यक्षांनी चमच्यावर पकडलेला विक्रमी बास.’ खालच्या ओठाला डावीकडे खाच.

एप्रिल हा अंडी घालण्याचा महिना. या महिन्यात मासेमारी बंद, अशी सूचना मंडळाच्या दारावर आहे. खाली सही मेहुण्यांची.

रखवालदार बाई स्वतःहून घरी आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “साहेब, चमच्यावर नाही. रबरी गांडुळावर. बाईंच्या काठीने, बाईंच्या दगडावर बसून. मी बघितलं.”

“त्यांना काही बोललात?”

“बोलले ना. म्हटलं, अहो हिला सोडायचं असतं. तर म्हणाले, सोडणारी गेली.”

मी छत्री घेऊन मंडळात गेलो. सगळे बसलेले होते.

“दादा, ही हिची आत्याबाई आहे.”

“जावईबुवा, माशावर काय मालकाचं नाव असतं?”

“नसतं. म्हणून तुम्ही पाटी लावलीत.”

कोणीतरी हसले. मेहुणे माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, “बायको गेली की माणूस असा भरकटतो. चहा द्या रे यांना.”

त्यांची जाहीर क्षमा मागतो की मी तो चहा प्यालो नाही. काठी आणि पेटी आठ दिवसांनी त्यांच्या ड्रायव्हरने आणून दिल्या. तंगुशीचा गुंता झालेला होता. गळ नवा होता, उलट्या काट्याचा.

कलम ५. मंडळाची शेड ज्या जागेवर उभी आहे ती जागा माझ्या वडिलांनी घेतलेली, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मंडळ तिथे माझ्या तोंडी परवानगीने बसते. ती परवानगी माझ्याबरोबर संपेल. जागा रखवालदार बाईंना पूर्ण मालकीने द्यावी. शेड मंडळाने महिन्याभरात उतरवून न्यावी. पत्रे, खुर्च्या, ढाली, अध्यक्षांचा फोटो, सगळे त्यांचे. काठावरचे गवत आणि वेली कापू नयेत. पडलेले झाड हलवू नये.

मेहुण्यांना वाटेल की म्हातारा रागाच्या भरात लिहून गेला. बरोबर आहे. राग आहे. चाळीस वर्षे मी त्यांची प्रत्येक गोष्ट चालवून घेतली. मी गप्प बसलो त्याला ते संमती समजले. दोर सैल होता, एवढेच. मी बघत होतो.

शेड वाचवायची एक वाट ठेवली आहे, फक्त एक. मी हयात असताना मेहुण्यांनी भर सभेत ती पाटी स्वतःच्या हाताने काढावी, आणि मासा कोणाचा, पद्धत कोणाची, ते मोठ्याने सांगावे. मग हे कलम मी बदलीन. ते सांगणार नाहीत. मी त्यांना ओळखतो.

कलम ६. शेड उतरवताना आत्याबाई रखवालदार बाईंच्या ताब्यात द्याव्यात. तोंडातला चमचा काढून मेहुण्यांना परत करावा. आत्याबाईंना पडलेल्या झाडाखाली पाण्यात सोडावे. हे बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, आत भुसा भरलाय. तरंगतील त्या.” मग शिसे बांधावे. हिने जन्मात शिसे वापरले नाही, तेव्हा ते मेहुण्यांच्या पेटीतले घ्यावे. सोडताना काय म्हणायचे ते बाईंना माहीत आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. रखवालदार बाईंना साक्षीदार करायचे मनात होते, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणाले. मेहुण्यांना हा नियम लागू नाही. त्यांना काहीच मिळणार नाही, पण साक्षीला त्यांना बोलावलेले नाही.

मजकूर मी वाचून पाहिला. साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केल्या.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार: (सही) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार: (सही) कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर. दिनांक वरीलप्रमाणे.

सह्यांच्या खाली लिहिलेले धरत नाहीत, असे वकील म्हणाले होते. न धरू देत. साक्षीदार गेले. डॉक्टरांनी जाताना कप विसळून ठेवला.

रिळावर तंगूस भरायला दोन माणसे लागतात. एकाने रीळ फिरवायचे. दुसऱ्याने तंगुशीची नवी चकती पेन्सिलीत ओवून धरायची आणि बोटाने दाबत राहायचे, नाहीतर ती ढिली भरते आणि पाण्यावर गुंता होतो. ही फिरवत असे. मी पेन्सिल धरत असे. या सगळ्या मासेमारीत माझे काम तेवढेच होते.

पेन्सिल टेबलाच्या खणात आडवी अडकवून पाहिली. बसते. खण गुडघ्याने दाबून धरला की चकती हळू फिरते. आता भरायला घेतो.