स्पेनचे आजोबा विरुद्ध कोलकात्याचे बाबू

मलकापूर,
६ जुलै २०२४

चि. सौ. अंजनास तानाजीदादाचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनच्या ओठांवरून एवढं कळलं की, आवं आजोबा, आता कोण लिवतं पत्रं, असं तो म्हणत होता. तुझी सृष्टीही तेच म्हणते. तिला सांग, मोबाईलवरच्या दोन ओळींत मामाची जुगलबंदी मावत नाही. तोफखान्यातल्या नोकरीनं कान खाल्ले आणि तीन वर्षांपूर्वी तुझी वहिनी गेल्यापासून तर या घरात कुकरची शिट्टीही होत नाही. गिटार जवळ घेतली तर लाकडाची थरथर तेवढी पोटाला लागते. म्हणून मग डोक्यातल्या डोक्यात वाजवून घेतो. आणि फुकटच वाजवून घ्यायचं, तर लहानसहान माणसं कशाला? जगातल्या नामांकितांनाच बोलावतो.

या खेपेला स्पेनचे आजोबा आणि कोलकात्याचे बाबू. खरी नावं तुला उच्चारता यायची नाहीत. दोघं आयुष्यात कधी भेटले नाहीत, म्हणून मीच भेटवले, कराडच्या प्रीतिसंगमावर. आजोबा नखांनी वाजवतात. बाबू गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी फिरवतात. आजोबांनी घोडा उधळावा तशी सुरुवात केली. बाबूंना काही घाई नव्हती. त्यांनी एकच सूर लावला आणि कृष्णेकडून कोयनेकडे ओढत नेला. भेळवाल्याची सुरी कांद्यातच थांबली. निकाल नेहमीसारखा तू दे.

अट तीच. तुझ्या नवऱ्याचं नाव पत्रात नको. एकोणीस वर्षं मी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही, आणि त्यानंही पत्रातून माझ्याकडे येऊ नये. भाऊबीजेला तू येतेस, तेवढं पुरे.

भाकरी जमते, कालवणाचा मेळ बसत नाही. समोर जेवायला कोणी नसलं की मीठ कमी पडलं का जास्त, हे विचारायचं कुणाला?

माया आहे तेवढीच राहू दे, कमी करू नकोस.

तुझा दादा

---

तासगाव,
१७ जुलै २०२४

ती. दादास अंजनाचा वाकून नमस्कार. वि. वि.

मीठ कमी असेल तर वरून घे, जास्त झालं तर मुकाट खा. बायको होती तेव्हा एक दिवस चुलीपुढे गेला नाहीस, त्याची ही शिक्षा. सृष्टीला सांगलीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रोज एसटीनं जाते-येते आणि पाय दुखतात म्हणून मलाच ओरडते.

आता निकाल. बाबू जिंकले. आजोबांनी पहिल्या दहा मिनिटांतच सगळा दारूगोळा उडवला, पुढं हातात काही राहिलं नाही. बाबूंनी शेवटी कांडी थोडी आधी उचलली, म्हणून त्यांचा एक गुण कापला. शिवाय संगमावर वारा असतो. नखांचं वाजवणं उघड्यावर विरून जातं, हे तुझ्यासारख्या जाणत्यानं ध्यानात घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी बंद जागा दे.

अट मी पाळते आहे. एवढंच सांगते की तुझं पत्र या घरात दोनदा वाचलं जातं. याहून जास्त विचारू नकोस.

जिवाला जप, आणि आमचा राग कधीच करू नकोस.

तुझी अंजना

---

मलकापूर,
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अंजनास आशीर्वाद. वि. वि.

बाबू जिंकले म्हणे! परीक्षक फितूर दिसतो. वाऱ्याचा मुद्दा मात्र बिनतोड. चार दिवस तोच डोक्यात घोळवला आणि कबूल करायची लाज वाटली नाही.

म्हणून तीच जोडी पुन्हा बसवली, महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरी भरायच्या शेडमध्ये. दारं बंद, वर पत्रा आणि पत्र्यावर तिथला तो मुसळधार पाऊस. आजोबांनी पावसाचीच लय उचलली. बाबू बराच वेळ नुसते ऐकत बसले. मग त्यांनी कांडी इतकी हळू टेकवली की पाऊस थांबला का काय, असं वाटावं. मला दोघांचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. नंतर डोळे उघडले तर घरात भिंतीवरचं घड्याळ मुक्यानं चालत होतं.

निकाल लवकर पाठव. पत्र टाकलं की मी दिवस मोजत बसतो. दुसरं कामच नाही बघ मला.

लोभ पातळ होऊ देऊ नये.

दादा

---

तासगाव,
२२ सप्टेंबर २०२४

ती. दादास नमस्कार. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. घरात एकामागून एक कामं निघाली. सृष्टी बरी आहे. तू गोळ्या वेळेवर घे.

निकाल असा की दोघांनीही फार छान वाजवलं. कुणालाच कमी म्हणता येणार नाही. दोघांना सारखेच गुण, बरोबरी.

पुढची जुगलबंदी नक्की पाठव. थांबवू नकोस.

अंजना

---

मलकापूर,
२८ सप्टेंबर २०२४

अंजना,

बरोबरी?

गिटारीला तारा किती, हे तुला आजही सांगता यायचं नाही. निकाल कोण देतं, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. मी लिहीत होतो ते त्याच्यासाठीच. या वयात त्याच्याशी बोलायची दुसरी वाट मला सापडली नाही. तुझ्या नवऱ्यानं, जोतिबानं, जन्मात कुणाला बरोबरीत सोडलेलं नाही. खरं सांग, काय झालंय त्याला?

अट मीच मोडतो. रहिमतपूरच्या त्या कार्यक्रमात चूक माझी होती. आमच्या ऑर्केस्ट्रात मुख्य गिटार दोघांनाही हवी असायची, मागं बसून साथ कुणालाच नको. शेवटच्या गाण्यात त्यानं माझी ओळ उचलली आणि मी भर स्टेजवर त्याच्या गिटारची वायर उपटली. अख्खं मैदान त्याला हसलं. मी त्याच रात्री माफी मागायला हवी होती. मागितली नाही. नंतर कान गेले आणि वाटलं, आता मागितली तरी तो काय म्हणाला हे मला ऐकू येणार नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखव. मी आलो तर चालेल का, एवढं विचार.

दादा

---

तासगाव,
३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास नमस्कार.

ऑगस्टच्या अखेरीला ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तुझी अट होती म्हणून कळवलं नाही. आणि खरं सांगते, निकाल थांबला तर तुझी पत्रं थांबतील, याची भीती वाटली. तुझ्या पत्राचं जुनं पाकीट नुसतं पुढं धरलं तरी ह्यांचा चेहरा उजळतो. दुसऱ्या कशानंच उजळत नाही. माणूस समोर असून घर रिकामं वाटतं, दादा. तू एकटा आहेस तशीच मी.

तुझं पत्र वाचून दाखवलं. वायरीचं आलं तसं तोंड भिंतीकडे फिरवलं. तू आलास तर चालेल का, असं दोनदा विचारलं. मान हलली नाही. मग थोड्या वेळानं चांगला असलेला डावा हात चादरीवर चालायला लागला. तीन बोटं एकदम दाबायची, दाबून थांबायची, उचलायची, जरा सरकवायची, पुन्हा तिन्ही एकदम. दिवसभर तेच. मधेच दाराकडे बघतात. हा राग आहे का नकार आहे, मला उमजत नाही. सृष्टी म्हणते शिरा ओढत असतील. तुला काही कळतं का?

अंजना

---

मलकापूर,
७ ऑक्टोबर २०२४

चि. अंजना,

कळतं. मुख्य गिटार वाजवणाऱ्याचं एकेक बोट पळत असतं. तीन बोटं एकदम दाबून थांबतो, तो साथ देत असतो. जोतिबा साथ वाजवतोय गं. जी आम्ही दोघांनी आयुष्यभर एकमेकांवर ढकलली, ती त्यानं घेतली, आणि माझी ओळ मोकळी ठेवून बसलाय.

हे पत्र टपालात टाकत नाही. सकाळच्या एसटीनं मीच घेऊन येतोय. दारात मला काही बोलता यायचं नाही. तू हे आत नेऊन आधी दाजींना वाचून दाखव. तोवर मी बाहेर उभा राहतो.

तानाजी