मळीतलं एन्झाइम

बारामती,
४ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,
उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि आई अर्धंच सांगते, म्हणून ही बातमी कागदावर.

फेब्रुवारीत तुम्ही साखर कारखान्याच्या मळीच्या खताच्या ढिगात हातभर खोल खणून, बोटं भाजून घेऊन मला बाटली भरून दिलीत. त्या खतात पासष्ट अंशांतही सुखानं वाढणारा जिवाणू सापडला. त्याच्याकडे डीएनए कापणारं एन्झाइम आहे. ते वाटेल तिथं कापत नाही. ठरावीक अक्षरं ओळीनं आली की तिथंच. आणि ती जागा आजवरच्या कुठल्याच यादीत नाही! आमच्या प्रयोगशाळेच्या संजीवनी मॅडमनी पुण्याच्या परिषदेत मलाच बोलायला सांगितलंय.

गुडघ्याला तेल लावता ना? माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची उत्कर्षा

लोणी देवकर,
११ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षा हिस दत्तोबाचे उदंड आशीर्वाद.
तुजं पत्र डेअरीवर वाचून दावलं. ऊस तोडणारा कांडं बगून कोयता घालतो, तसंच ना ते? डेअरीवरच्या भीमानं तर चौकात फलकच लावला. तुजा न माजा फोटो, खाली ‘जगातला पयला शोध’. तुजी आई रुसून बसलीया. ढीग तिनं रचला, मग तिचा फोटो का न्हाय, असं इचारती. तिला एक वळ निराळी लिव.

जेवत जा येळेवर.
तुजा आबा

बारामती,
३० ऑगस्ट २०२४

ती. आबांस, सा. न.
हे पत्र तीन दिवस लिहून फाडतेय. परिषदेआधी मी सगळा प्रयोग पुन्हा केला. माझ्याकडून एन्झाइम जास्त पडत होतं, ते ज्यात साठवतात ते ग्लिसरीनही. त्यामुळे ते भलत्या जागी कापत होतं. प्रमाण कमी केलं, तर जगाला आधीच माहीत असलेल्या जागीच कापलं. नवी जागा नाहीच, आबा.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वृषालीला सांगितलं, तर ती म्हणाली की परिषद होऊ दे, मग बघू. मला ते पटेना. सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी पुण्याला फोन करून माझं भाषण रद्द केलं. एवढं मात्र खरं, की त्याच जागी कापणारं ओळखीचं एन्झाइम पासष्ट अंशांत तासाभरात थकतं, आपलं चार तास टिकतं. त्यावर मॅडम छोटा लेख लिहायला सांगतायत.

फलक उतरवायला सांगा. तुमची मान खाली गेली, याचंच वाईट वाटतं.
उत्कर्षा

लोणी देवकर,
३ सप्टेंबर २०२४

चि. उत्कर्षाला पोटभर आशीर्वाद.
फलक म्याच उतरवला. चौकात उभा असलेला गोकुळ हसला, लेकीचा शोध गेला म्हणून. त्याला म्हणलं, शोध ऱ्हाऊ दे बाबा, कुणी धरली नसताना सोताची चूक भर दरबारात सांगणारा एक माणूस आपल्या गावात दाव. मान खाली न्हाय गेली, पोरी. उलट टोपी नीट करून घरी आलो.

चार तास टिकतंय, ते झ्याक लिव. मॅडमला माजा नमस्कार सांग.
तुज्यावर जीव असलेला,
आबा

ता. क. पाकिटावर तुज्या नावाआधी ‘शास्त्रज्ञ’ लिवलंय. तुजी आई म्हणती, पदवी अजून हातात न्हाय, खोडा. म्या न्हाय खोडलं.