सावलीत वाळवलेली मुळं

१२ नोव्हेंबर, मुकुंदवाडी

घेटुळीच्या मुळातलं सूज उतरवणारं जे द्रव्य मी शोधतेय, त्याचा ठिपका आज प्रयोगशाळेत पट्टीवर उमटला! आधी दोनदा काहीच आलं नव्हतं. "आता विषय बदल," असं सर म्हणाले होते. दोन्ही वेळा मुळं मी गच्चीवर कडक उन्हात वाळवली होती. ही आईनं कन्नडहून पाठवलेली, सावलीत वाळवलेली.

फोन केला तर हसली. "उन्हात घातलीस व्हय गं? उन्हानं औषध उडून जातं. लई शिकलीस, अन् एवढं ठाऊक नाय?"

घरातली पहिली पदवीधर मी, तिला विचारलंच नाही कधी! प्रबंधात नुसतं "मुळे सावलीत वाळवली" नाही, तिथं आईचं नाव लिहिणार. सरांनी खोडलं तर? पुन्हा लिहीन.