नुंगलच्या उंबऱ्याशी

आबू महिना, पाचवा दिवस
आजही दार उघडलं नाही. तुरुंगाची देवी म्हणून नुंगलचं नाव निप्पुरात कोणी मोठ्यानं घेत नाही — आणि मी रोज तिच्या दाराशी! आत माझा अविलिया. कालव्याच्या मुकादमावर हात उचलला म्हणून.

दारवान उबारूम हसतो. "म्हातारे, आत त्याला दुसरी आई आहे, देवी. धुऊन-पुसून नवा करून देईल."

माझा काय मळका होता?

नववा दिवस
नवरा पाटीशाळेतल्या मातीच्या पाट्यांसाठी चिखल मळायचा. पोरांनी टाकलेल्या पाट्यांवरून मी अक्षरं शिकले. आता तो घराच्या जमिनीखाली निजलाय, मी वर. बोलायला हा ओला चिखल — तोही वाळतो.

तेरावा
शेजारीण नरामतुम म्हणाली, "अगं, तिथं बसून काय राखतेस? सुटला की येईल घरी."

कसा येईल? सुटलेल्याचा हात उंबऱ्यावरच घरच्या माणसानं धरायचा. कोणी नसलं तर त्याला गावात थारा नाही.

"मग एक दिवस मी जाते."

"तू घरची आहेस का?"

लागलं तिला. तरी संध्याकाळी मसूर आणून दिली.

अठ्ठाविसावा
उद्या मेलेल्यांना पाणी. मुलगा आत, म्हणजे ओतायचं मलाच. नाहीतर नवरा खाली तहानेला राहील. उबारूमला विचारलं, उद्या कोणी सुटेल का?

"मेलेल्यांच्या दिवशी? वेड लागलंय का! घरी जा, नवऱ्याला पाणी पाज."

एकोणतिसावा, महिन्याचा शेवटचा
सकाळीच पाणी ओतलं. नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं. बराच वेळ वाकून बसले. सांगितलं त्याला — पोरगा येईल आता.

उलूलू महिना, पहिला दिवस
उबारूम माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "आई —"

आजवर कधी आई म्हणाला नव्हता. तिथंच कळलं.

"काल सकाळी पुजाऱ्यांना कौल मिळाला. देवीचं मन वळलं, दार उघडलं. तुला बोलवायला कोणाला धाडू? सगळं गाव घराघरात वाकलेलं, मला उंबरा सोडता येत नाही. उभा होता बिचारा. विचारलं त्यानं, 'आई नाही आली?' ऊन चढल्यावर वीटवाल्यांच्या नावेत बसला. दक्षिणेकडे गेली ती."

मी मेलेल्याला पाणी पाजत होते!

तिसरा दिवस
आजही गेले. आत आता माझं कोणी नाही. देवीचंही पोर गेलं. दोघी बसलो.